शिंगं आणि पट्टे

बोत्स्वानातल्या माऊन गावात, एका दुकानात, बिलाच्या रांगेत, माझ्यापुढे एक बाई उभी होती आणि तिच्या डोक्यावर शिंगं होती. कापडाची. डोक्याला घट्ट गुंडाळलेल्या फडक्यातून दोन टोकं दोन्ही बाजूंना आडवी निघालेली, ताठ आणि टोकदार. अंगात घोट्यापर्यंत घोळदार झगा, आत एकावर एक परकर असावेत इतका फुगलेला. हातातल्या टोपलीत मक्याचं पीठ, साखर, चहापत्ती. रांग सरकली की ती मान न वळवता सरकायची आणि मागची मुलं आपोआप दोन पावलं दूर उभी राहायची, कारण शिंगांना जागा लागते.

ती हेरेरो होती. झग्याचा नमुना एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या बायकांचा आणि शिंगं गाईची. पश्चिमेला, आजच्या नामिबियात, १९०४ साली हेरेरोंनी जर्मन सत्तेविरुद्ध शस्त्र उचललं. फॉन ट्रोथा नावाच्या सेनापतीने त्यांना ओमाहेकेच्या निर्जळ मुलखात रेटलं आणि मागे पाण्याच्या जागांवर पहारे बसवले. तो मुलूख ओलांडून जे जिवंत निघाले, त्यांतले काही इकडे बोत्स्वानात, न्गामी तळ्याच्या आसपास पोचले. पिढ्यान्‌पिढ्या गुरांवर जगलेली माणसं गुरांशिवाय आली. मग त्यांनी इथल्या बातावाना लोकांची गुरं राखली. राखणाऱ्याला दूध मिळे, कधी एखादी कालवड मिळे, आणि तेवढ्यावरून कळप पुन्हा उभे राहिले. गोऱ्या बायकांचा झगा त्यांनी टाकला नाही. तो अंगावर ठेवून डोक्यावर स्वतःची शिंगं चढवली. राग, मान, आठवण आणि नटण्याची हौस एका पोशाखात बसवण्याची ही रीत मला फार आवडली.

मी अर्थातच सिंह बघायला आले होते. माऊनला येणारा परका माणूस त्यासाठीच येतो. विमानतळावर चिमुकली विमानं सकाळपासून उडत असतात आणि खाकी कपड्यांतले पाहुणे दुर्बिणी सावरत त्यांत चढतात. गावात रस्त्यावर उभी असतात ती गाढवं, बकऱ्या आणि गाई. त्यांच्यासाठी कोणी दुर्बीण काढत नाही. पण या देशातलं रान समजून घ्यायचं असेल तर आधी गाय समजून घ्यावी लागते, असं माझं हळूहळू मत झालं. ते अजून बदललेलं नाही.

बोत्स्वानाच्या राजमुद्रेवर ढाल धरून दोन झेब्रे उभे आहेत. एकाच्या पायाशी हस्तिदंत, दुसऱ्याच्या पायाशी ज्वारीचं कणीस. ढालीवर वर चक्रं, मध्ये पाण्याच्या निळ्या लाटा आणि तळाला बैलाचं शिंगाळं डोकं. १९६६ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हाची ही मुद्रा. हिऱ्यांची खाण सापडली त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे मुद्रा आखली तेव्हा या देशाजवळ मोजण्यासारखं धन होतं ते गुरांचंच. लोबात्सेचा कत्तलखाना १९५४ पासून चालू होता आणि मांस समुद्रापार जात होतं. रानातलं जनावर आणि दावणीचं जनावर मुद्रेवर एकाच ढालीला टेकून शांत आहेत. जमिनीवर मात्र त्यांच्यामध्ये तार आहे.

ही तार पहिल्यांदा भेटते ती पशुवैद्यक खात्याच्या नाक्यावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत कुंपण गेलेलं आणि रस्ता जिथे ते कापतो तिथे एक फाटक, एक टपरी, गणवेशातली एक-दोन माणसं. गाडी औषधी पाण्याच्या उथळ खड्ड्यातून न्यावी लागते. माणसांनी खाली उतरून औषधात भिजवलेल्या पोत्यावर बूट पुसायचे, बॅगेतले जादाचे बूटही काढून पुसायचे. मग प्रश्न येतो : मांस आहे? दूध? आमची थंड पेटी उघडली गेली. माझ्याजवळच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्या बाईंनी उघडून हुंगला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गंभीरपणे झाकण लावून परत दिला.

हा सगळा बंदोबस्त लाळ्या-खुरकुतासाठी. आफ्रिकेतल्या रानम्हशीच्या अंगात या रोगाचा विषाणू असतो, पण तिला त्याचा त्रास होत नाही. तिच्याजवळ चरलेल्या गाईला होतो. आणि ज्या भागात हा रोग आहे त्या भागातलं मांस युरोप घेत नाही. म्हणून रान आणि गुरं यांच्यात अंतर ठेवायचं, अंतर ठेवायचं म्हणून तार ओढायची. १९५८ साली कुकेचं कुंपण उभं राहिलं, मग एकेक करत देशभर अशा रेघा पडत गेल्या. ओकावांगोच्या पाणथळीच्या दक्षिणेला जे आहे त्याचं नावच ‘बफेलो फेन्स’. युरोपातल्या ताटात बोत्स्वानाचं मांस निर्धोक पोचावं म्हणून कलहारीच्या वाळूत शेकडो किलोमीटर खांब रोवले गेले.

आणि वाळूतल्या जनावरांना कुंपण म्हणजे काय ते कोणी सांगितलेलं नव्हतं. दुष्काळात विल्डबीस्टचे कळप पूर्वापार उत्तरेकडे पाण्यावर जात. १९८० नंतरच्या कोरड्या वर्षांत ते निघाले आणि कुकेच्या तारेला येऊन भिडले. तारेच्या कडेकडेने चालत राहिले, आणि हजारोंच्या संख्येने मेले. जे झाऊ तळ्याजवळ पोचले त्यांतलेही पुष्कळ तिथे मेले, कारण पाण्याभोवती आता गावं होती, गुरं होती आणि गवत संपलेलं होतं. मार्क आणि डेलिया ओवेन्स या अमेरिकन जोडप्याने हे पाहून जगापुढे मांडलं. तेव्हापासून बोत्स्वानाचं कुंपण हा पाश्चात्त्य निसर्गप्रेमींच्या संतापाचा विषय झाला. संताप खराच होता. पण ते मांस विकत घेऊन खाणारे त्याच संतापणाऱ्यांचे शेजारी होते, हेही खरं.

या कुंपणापलीकडची पाणथळ ओकावांगोची. ही नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या डोंगरात ती उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते, बोत्स्वानात शिरते आणि कलहारीच्या वाळवंटात हाताची बोटं पसरावीत तशी पसरून संपते. अडीचशे किलोमीटरमध्ये जमिनीला उतार साठ-सत्तर मीटरचा, त्यामुळे पाणी जवळजवळ चालतच येतं. अंगोलात पाऊस पडतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि त्याचं पाणी माऊनला पोचतं जून-जुलैत. त्या वेळी इथे हिवाळा असतो, आभाळ कोरडं असतं, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. अशा दिवसांत कोरड्या पात्रातून पाण्याची जीभ पुढे सरकते. वाळलेला पाचोळा, काड्या, मुंग्या, फेस, सगळं पुढे ढकलत. गावातली माणसं ते बघायला जातात. मुलं पाण्याच्या पुढे-पुढे उलटी चालतात. या पाण्यातलं बहुतेक सगळं ऊन आणि झाडं पिऊन टाकतात. माऊनच्या पुढे जातं ते शंभरात जेमतेम दोन भाग.

या पाण्यात फिरायचं ते मोकोरोतून. मोकोरो म्हणजे एका खोडाची कोरलेली होडी. आता जुनी झाडं वाचवायची म्हणून बहुतेक फायबरच्या असतात, पण आकार तोच, आणि तोल जाण्याची भीतीही तीच. बायेयी लोकांनी ही होडी अठराव्या शतकाच्या सुमारास उत्तरेकडून इथे आणली. आमचा नावाडी बायेयीच होता. मागच्या टोकाला उभा राहून लांब काठी तळाला टेकवायचा, अंगाचा भार द्यायचा, काठी ओढून घ्यायचा. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू आणि तिच्यावरून गेलेली माशाची सावली वेगवेगळी दिसे. कमळांचे देठ होडीच्या कडेला घासून मागे जात. नखाएवढे बेडूक बोरूच्या काड्यांना चिकटलेले, अंगावर कोणी रंगवल्यासारख्या रेघा. कमळपक्षी पानांवरून चालत होता, लांब बोटांमुळे पान बुडायच्या आत दुसऱ्या पानावर. कवड्या धीवर एका जागी हवेत फडफडत थांबला आणि दगडासारखा खाली पडला. दूरवर लेचवे हरणांचा कळप उथळ पाण्यातून उधळला, आणि काही क्षण हरणांपेक्षा उडालेलं पाणीच जास्त दिसलं.

नावाडी फारसं बोलत नव्हता. बोलला तो वाटेबद्दल. लव्हाळ्यातून गेलेली ही सरळ मोकळी पट्टी कोणी केली? पाणघोड्याने. रोज रात्री चरायला जाताना तो त्याच वाटेने जातो, त्याच्या जडपणाने गवत उगवत नाही, पाण्याला वाट मिळते आणि काही वर्षांनी तीच नदीची नवी धार होते. आणि ही बेटं? वाळवीची. वाळवीने वारूळ रचलं, त्याचं डोकं पुरातही कोरडं राहिलं, त्यावर पक्ष्यांनी बिया टाकल्या, झाडं आली, झाडांच्या मुळांशी माती साठली. झाडं पाणी ओढतात, क्षार मागे राहतात आणि बेटाच्या मध्यावर साचतात. म्हणून मोठ्या बेटांची कडा हिरवीगार आणि पोट पांढरं, उजाड. इथला सगळा भूगोल वाळवीने आणि पाणघोड्याने केलेला आहे, हे तो असं सांगत होता की जणू गावच्या दोन गवंड्यांची ओळख करून देतोय.

पण हे रान राखलं कोणी, असं विचाराल तर पहिलं नाव एका माशीचं घ्यावं लागेल. त्सेत्से माशी चावली की गुरांना नगाना होतो आणि गुरं खंगून मरतात. त्यामुळे पाणी, गवत, सावली सगळं असूनही पाणथळीच्या आत गुरं नेता येत नसत. १८९६ मध्ये बुळकांडीची साथ आली, तिने गुरं आणि रानम्हशी एकदमच मारल्या. रक्त प्यायला जनावरं उरली नाहीत तशी माशीही मागे हटली, आणि पुढे रान भरलं तशी परत पसरली. आता ती नाही. २००१-०२ मध्ये विमानांतून औषध फवारून तिला संपवलं. तेव्हापासून पाणथळ आणि गाय यांच्यामध्ये उभी आहे ती फक्त तार, आणि कायदा.

कायद्याची गोष्ट मला माशीहून मोलाची वाटते. १९६३ साली मोरेमी अभयारण्य झालं, ते बातावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर केलं. राजा तिसरा मोरेमी वारल्यावर त्याची विधवा पुलाने अज्ञान मुलाच्या वतीने कारभार पाहत होती. बाहेरून येणारे शिकारी रान रिकामं करत होते. माऊनच्या खोत्लात तिने विषय मांडला. खोत्ला म्हणजे लाकडी खांबांच्या अर्धवर्तुळात, झाडाखाली भरणारी सभा. जो-तो आपापली खुर्ची घेऊन येतो, कोणालाही बोलता येतं, आणि राजा शेवटी बोलतो. पूर्वी खोत्ला राजाच्या गुरांच्या वाडग्याला लागूनच असे. राजा मेला की त्याला त्या वाडग्यातच पुरत. अशा सभेने, जिथे बसलेल्या प्रत्येकाला अजून थोडं चराऊ रान हवंच असणार, आपल्या मुलखातला मोठा तुकडा हरणांसाठी सोडून दिला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या तुकड्यात माणसं राहत होती. बुगाख्वे, नदीकाठचे सान लोक, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. त्यांना उठवून बाहेर, आजच्या ख्वाई गावात बसवलं. खोत्लात त्यांची खुर्ची नव्हती. सान माणूस त्स्वानांच्या, म्हणजे बातावाना ज्यांतले त्या लोकांच्या, लेखी बहुधा दुसऱ्याची गुरं राखणारा, पोटावारी राबणारा. रान राखण्याचा मान सभेला मिळाला आणि त्याची किंमत सभेबाहेरच्यांनी दिली. हे आपल्याला ऐकून नवल वाटायचं कारण नाही.

रात्री एका बेटावर मुक्काम होता. शेकोटी विझत आली असताना सिंह ओरडला. सिंहाचा आवाज कानापेक्षा छातीत आधी ऐकू येतो. तो संपल्यावर मागे राहतात ती दमल्यासारखी हुंकारणी, हळूहळू लांब होत गेलेली. आम्ही पाहुणे आनंदाने एकमेकांचे दंड धरून बसलो. नावाडी उठून उभा राहिला होता. मान एका बाजूला करून तो दिशा घेत होता. मी विचारलं, जवळ आहे का? तो म्हणाला, “नाही म्मा, लांब आहे. शोरोबेच्या अंगाला.” मग जरा थांबून म्हणाला, “तिकडे माझ्या भावाची गुरं आहेत.” त्याने पुन्हा कान दिला. आमची रात्र सार्थकी लागली होती आणि त्याची झोप गेली होती, एकाच आवाजाने.

त्याच शोरोबेच्या परिसरात काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. गुरांच्या मागच्या पुठ्ठ्यांवर रंगाने डोळे काढायचे, मोठे, बटबटीत. सिंह दबा धरून मागून येतो, आणि आपण दिसलो असं वाटलं तर बेत सोडतो, हा त्यामागचा तर्क. चौदा कळप, चार वर्षं. डोळे रंगवलेल्या ६८३ जनावरांतलं एकही सिंह-बिबट्यांनी मारलं नाही. नुसती फुली मारलेल्या ५४३ मधली ४ गेली आणि काहीच न रंगवलेल्या ८३५ मधली १५ गेली. २०२० मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आपल्याकडे सुंदरबनात मध गोळा करणारे डोक्यामागे मुखवटा बांधत, त्याच जातीची ही युक्ती. मला यात आवडतो तो फुलीचा भाग. नुसती रंगवलेली गाय सिंहाला विचित्र वाटून तो टळला असेल का, हे तपासायला कोणीतरी पाचशेवर गाईंच्या ढुंगणावर निष्ठेने फुल्या मारत बसलं होतं.

हत्तींवर असा काही उतारा नाही. देशात एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत आणि माणसं सुमारे पंचवीस लाख. शेताच्या कडेला लोक मिरची आणि शेण यांच्या विटा जाळतात. त्या धुराने हत्ती शिंकतो आणि बहुतेकदा मागे फिरतो. २०२४ मध्ये जर्मनीत शिकारीच्या स्मृतिचिन्हांच्या आयातीवर बंधनं घालायची चर्चा निघाली, तेव्हा बोत्स्वानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले, मग वीस हजार हत्ती तुम्हालाच पाठवून देतो, जमवून दाखवा. परदेशात ही गंमत म्हणून छापली गेली. पाणथळीकाठच्या खेड्यांत मला कोणी ती गंमत म्हणून सांगितली नाही.

पाणथळीच्या पश्चिमेला एत्शा नावाची तेरा गावं आहेत, एत्शा एक ते एत्शा तेरा. अंगोलात युद्ध पेटलं तेव्हा, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीला, हंबुकुशू लोक सीमा ओलांडून आले आणि सरकारने त्यांना असं आकड्यांनी वसवलं. नावं सुचायला वेळ नव्हता, की हे तात्पुरतंच असं वाटलं होतं, कोण जाणे. पण टोपल्या विणाव्यात तर या आकडी गावांनीच. मोकोला ताडाची कोवळी पात चिरायची, झाडांच्या साली-मुळांच्या रंगात उकळायची, आणि सुई-टोच्याने वेढ्यावर वेढा घट्ट बांधत जायचं. मोठ्या टोपलीला महिने लागतात. चांगली टोपली पाणी धरते.

तिथल्या एका म्हातारीच्या अंगणात मी दुपारभर बसले. नात दुभाषी होती. म्हातारी विणता विणता नक्ष्यांची नावं सांगत होती : जिराफाचे अश्रू, झेब्र्याचं कपाळ, पळणारा शहामृग. मग एक नागमोडी रेघ, डावीकडे-उजवीकडे झुलत वर गेलेली. हे काय? नात हसायला लागली. म्हातारीने खाली मान घालूनच सांगितलं : बैल चालता चालता मुततो, तेव्हा वाळूत उमटतं ते. मीही हसले, पण वेगळ्या कारणाने. संस्कृत चित्रकाव्यात अशीच झुलती मांडणी आहे, तिला गोमूत्रिका म्हणतात. पंडितांनी श्लोक रचला आणि या बाईने टोपली विणली. दोघांच्याही आधी कोणीतरी बैलामागून बराच वेळ, करण्यासारखं दुसरं काही नसताना, चालत गेलेलं होतं.

ताडाच्या सावलीत वाडगं होतं, काटेरी फांद्यांचं. आत चार गाई. मी विचारलं, पूर्वी जास्त होत्या? आणि मग त्या अंगणात १९९६ साल आलं. आदल्या वर्षी नामिबियाकडून गुरांच्या फुफ्फुसांचा रोग शिरला होता. तो देशभर पसरू नये म्हणून सरकारने या न्गामीलँड जिल्ह्यातली सगळी गुरं मारायचं ठरवलं. आजारी तेवढी नव्हे, सगळी. सुमारे तीन लाख वीस हजार. खड्डे खणले, गोळ्या घातल्या, पुरलं. भरपाई मिळाली, पुढे पुन्हा गुरंही मिळाली, आणि निर्णय शास्त्राला धरून होता, रोग थांबला. म्हातारीने यातलं काही सांगितलं नाही. तिने सांगितलं की त्या वर्षी सकाळी जाग येई ती कशाने आली ते कळत नसे, कारण एरवी हंबरण्याने येई. आणि टोपल्या त्या वर्षी पुष्कळ विणल्या, कारण दूध नव्हतं आणि विकायला दुसरं काही नव्हतं. झेब्र्याचं कपाळ तेव्हा फार खपलं, असं ती म्हणाली. पर्यटकांना गाईची नक्षी नको असते.

तिने आम्हाला वाटीत आंबील दिली, आंबवलेल्या पिठाची, वर मादिला, म्हणजे घट्ट विरजलेलं दूध. ज्वारी आणि बाजरी, दोन्हींची जन्मभूमी आफ्रिका. हजारो वर्षांपूर्वी ती धान्यं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपण त्यांची भाकरी केली. तिला हे सांगावंसं वाटलं, सांगितलंही. नातीने भाषांतर केलं. म्हातारी म्हणाली, “मग सावकाश का खातेस?”

नंतर एकदा पावसाळ्यात मकगाडीकगाडीच्या बाजूला गेले. आटलेल्या प्राचीन सरोवराचे हे मिठाचे तळ. वर्षभर पांढरे, रखरखीत, आणि पावसानंतर कडेने कोवळं गवत. इथे झेब्रे येतात, ओकावांगोकडून चालत, जाऊन-येऊन सुमारे पाचशे ऐंशी किलोमीटर. ही चाल जुनी होती. १९६८ मध्ये तिच्या वाटेवर गुरांच्या रोगासाठी कुंपण उभं राहिलं आणि ती थांबली. २००४ मध्ये ते कुंपण काढलं. २००७ मध्ये गळ्यात यंत्र बांधलेल्या झेब्र्यांपैकी निम्म्याहून अधिक सरळ मकगाडीकगाडीकडे चालू लागले. मधे छत्तीस वर्षं गेलेली. रानातला झेब्रा फार तर वीस वर्षं जगतो. वाट पाहिलेला, वाट दाखवणारा एकही जिवंत असणं शक्य नव्हतं. पावसाचा मागोवा, कोवळ्या गवताचा वास, ढगांची दिशा, काहीतरी त्यांना घेऊन गेलं असणार. मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा दुसरीच बाजू मोठी वाटते : कुंपण काढता येतं. कोणीतरी खुर्चीवर बसून निर्णय घेतो, ट्रक येतात, खांब उपटले जातात.

त्या दिवशी झेब्रेच झेब्रे होते. कडेच्या गवतापासून मृगजळापर्यंत, माना खाली घालून. पट्टे एकमेकांत इतके मिसळलेले की एक झेब्रा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते ठरवता येईना. शिंगरं तपकिरी, केसाळ, आयांच्या पोटाशी. कुत्र्याच्या भुंकण्यासारखं त्यांचं ओरडणं सगळीकडून येत होतं. गाडी चालवणारा गृहस्थ शोरोबेकडचाच होता, पन्नाशीचा, गुरांच्या घरातला. तो बोनेटला टेकून बघत होता आणि बोलत होता ते असं : ही मागची लंगडते. ही गाभण आहे. आयाळ ताठ आहे, म्हणजे पोट भरतंय. उपासमार असली की आयाळ कलते. गवत चांगलं आहे यंदा. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “तुमच्याकडे गुरं किती, म्मा?”

“एकही नाही.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. कोणाच्या घरी वाईट घडलं असं कळल्यावर आपण जसे गप्प होतो तसा. “आजोबांकडे होती,” मी घाईने म्हटलं. त्याने मान हलवली, पण समाधान झालं नाही. मग म्हणाला की एक तरी असावी. परक्या माणसालाही घेता येते, राखायला इकडे कोणाकडे ठेवता येते, माफिसा म्हणतात. दूध राखणाऱ्याचं, वासरांतलं एखादं त्याचं, बाकी तुमचं. मी म्हटलं, मग तुमच्याकडेच ठेवते.

“माझ्याकडे नको,” तो म्हणाला. “माझं वाडगं कुंपणाच्या चुकीच्या बाजूला आहे. आमच्याकडची गाय युरोपात जात नाही, भाव पडतो. मेव्हणा घांझीकडे आहे, तिकडची बाजू चांगली. पण कालवड तिकडचीच घ्यायची. इकडून नेऊ देत नाहीत.”

मी किंमत विचारली. त्याने सांगितली, आणि ती दुष्काळात किती होते, पावसात किती, तेही सांगितलं. मग डागाचा प्रश्न निघाला. प्रत्येक मालकाचा डाग सरकारदरबारी नोंदवावा लागतो, तो दुसऱ्यासारखा चालत नाही. माझ्या नावाची अक्षरं त्याने बोनेटवरच्या धुळीत काढली, पुसली, आडवी काढली, आणि म्हणाला की ही जमणार नाहीत, यातला गोल भाग तापलेल्या लोखंडाने नीट उठत नाही, सरळ रेघांचं काही असेल तर बघा.